कॅन्सरवरचे आयसोटोप: ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात रेडिएशन सेफ्टीचं काम बघतो. ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीतसुद्धा तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. आयसोटोप म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू; इथे बोलतोय ते किरणोत्सारी, म्हणजे आपोआप फुटून किरण सोडणारे. इथलं लिखाण आणि तुमच्या हॉस्पिटलने दिलेला कागद यांत फरक दिसला, तर कागद खरा धरा.

आईला सोमवारची तारीख दिली होती. आता म्हणतात, "डोस आला नाही, पुढच्या आठवड्यात या." पैसे भरलेत, बेड ठरलाय, मग औषध आधीच आणून ठेवायला काय होतं?

ते आणून ठेवताच येत नाही, सगळी गोम तिथेच आहे. थायरॉइडच्या कॅन्सरवर देतात ते आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं. तुम्ही वापरा नाहीतर कपाटात ठेवा, आठ दिवसांनी अर्धं, सोळा दिवसांनी पाव. फ्रिजमध्ये ठेवून उपयोग नाही, कारण ही घट तापमानाने होत नाही, अणूच्या आतून होते.

म्हणून मागणी करताना हिशेब उलटा मांडावा लागतो. समजा शुक्रवारी पेशंटला १०० मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप) द्यायचे आहेत आणि बाटली सोमवारी भरली जाणार आहे. चार दिवसांत उडून जाणारं धरून सोमवारी सुमारे १४१ मिलिक्युरी भरावे लागतात. कोळीण बर्फाची लादी घेते तेव्हा वाटेत किती वितळेल हे धरूनच घेते, तसंच हे. बाटलीच्या लेबलवर नुसता आकडा कधीच नसतो, शेजारी तारीख आणि वेळ असते: अमुक दिवशी अमुक वाजता इतके मिलिक्युरी. वेळ खोडली तर आकड्याला काही अर्थ उरत नाही.

आता यात कुठेही खीळ बसू शकते. अणुभट्टी देखभालीसाठी बंद असते, एखादा घाणा गुणवत्ता तपासणीत अडकतो, विमान चुकतं. कधी सगळं वेळेवर येतं आणि पेशंटचाच टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक; ते वाढलं की पेशी आयोडीन जास्त ओढतात) अजून तीसच्या वर गेलेला नसतो, मग आलेला डोस डोळ्यांदेखत उतरत जातो. मला नातेवाइकांचा राग समजतो. मात्र एक तक्रार माझीही आहे: तारीख पुढे गेली हे बऱ्याच ठिकाणी लोकांना कर्जत-कसाऱ्याहून पहाटेची लोकल पकडून आल्यावर काउंटरवर कळतं. आदल्या दिवशी एक फोन करायला आयसोटोप लागत नाही.

पण आयोडीन तर मिठातही असतं. हे वेगळं कसं?

थायरॉइडला फरक कळत नाही, म्हणून तर उपचार चालतो. मिठातल्या आयोडीनचा अणू १२७ वजनाचा आणि स्थिर. हा १३१ चा, चार न्यूट्रॉन जास्त असलेला आणि अस्थिर. थायरॉइडच्या पेशी दोन्ही सारख्याच ओढून घेतात. आत गेल्यावर १३१ फुटतो, त्यातून बीटा कण निघतात आणि ते जेमतेम एक-दोन मिलिमीटरपर्यंत मारा करतात. शेजारची अन्ननलिका, स्वरयंत्र बहुतांशी बचावतं. सोबत थोडे गॅमा किरणही निघतात. ते शरीराबाहेर येतात, म्हणून स्कॅनवर गाठ दिसते आणि म्हणूनच पेशंटला काही दिवस वेगळं ठेवावं लागतं.

वाशीत अणुभट्टी आहे का? सेक्टर २० मध्ये काहीतरी सरकारी आहे म्हणतात.

वाशीत अणुभट्टी नाही. सेक्टर २० मध्ये आहे ते 'ब्रिट'चं, म्हणजे विकिरण व आयसोटोप तंत्रज्ञान मंडळाचं संकुल. अणुऊर्जा विभागाची ही संस्था १९८९ पासून आहे. तिथे किरणोत्सारी औषधांची प्रयोगशाळा आहे. शिवाय मसाल्यांवर कोबाल्ट-६० चे किरण सोडून जंतू मारणारा प्लांट २००० सालापासून आहे. (त्याने मिरची-हळद किरणोत्सारी होत नाही. किरण पदार्थातून आरपार जातात, मागे राहत नाहीत.)

अणुभट्ट्या खाडीपलीकडे, ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात. 'अप्सरा' ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली, आशियातल्या अगदी पहिल्या भट्ट्यांपैकी. मग १९६० ची 'सायरस', जी २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. आज आयसोटोपचा मुख्य भार १९८५ सालच्या १०० मेगावॅटच्या 'ध्रुव'वर आहे. जोडीला २०१८ मध्ये जुन्या अप्सरेच्या जागी उभी राहिलेली २ मेगावॅटची 'अप्सरा-यू'. सीवूड्सच्या बाजूने पाणथळीवर रोहित पक्षी बघायला जाता तेव्हा समोर दिसतो तो ट्रॉम्बेचा डोंगर. देशातल्या कितीतरी थायरॉइड पेशंटचं औषध त्याच्या पायथ्याशी बनतं.

भट्टीत नक्की करतात काय? आयोडीन घालून आयोडीनच काढतात?

नाही, घालतात टेल्युरियम आणि निघतं आयोडीन. मला स्वतःला या कामातला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो.

टेल्युरियम डायऑक्साइडची पांढरी पूड ॲल्युमिनियमच्या छोट्या डबीत भरून डबी पक्की बंद करतात आणि भट्टीत सोडतात. आत न्यूट्रॉनचा मारा केवढा, तर ध्रुवमध्ये दर चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला एकावर चौदा शून्यं इतके न्यूट्रॉन जातात. टेल्युरियम-१३० एक न्यूट्रॉन गिळून टेल्युरियम-१३१ होतं. ते २५ मिनिटांत निम्मं होऊन आयोडीन-१३१ मध्ये बदलत जातं.

डबी बाहेर काढतात ती थेट हॉट सेलमध्ये. ही शिशाच्या जाड भिंतींची बंद खोली. समोर शिसं मिसळलेल्या काचेची खिडकी, तीही इतकी जाड की पिवळसर दिसते. काम करणारा बाहेर उभा राहून यांत्रिक हात चालवतो. तो मनगट वळवतो तेव्हा पलीकडे चिमटा वळतो आणि डबी कापली जाते. पूड सातशे अंशांच्या वर तापवली की आयोडीन वाफ होऊन निघून येतं, टेल्युरियम मागे राहतं. ती वाफ अल्कलीच्या द्रावणात पकडली की झालं सोडियम आयोडाइड. पुढे शुद्धतेच्या तपासण्या, मग द्रावण किंवा कॅप्सूल. हे सगळं चालू असताना घड्याळ थांबलेलं नसतं.

दोन वेगळी मूलद्रव्यं असल्यामुळे आयोडीन स्वच्छ वेगळं होतं, हा या वाटेचा मोठा फायदा. पुढच्या प्रश्नातल्या ल्युटेशियमची अडचण नेमकी इथेच आहे.

बाबांना प्रोस्टेटसाठी ल्युटेशियम सांगितलंय. ते एवढं महाग का?

ल्युटेशियम-१७७ हे आयोडीनसारखं आपणहून कुठल्या अवयवात जात नाही. त्याला वाट दाखवणारा रेणू जोडावा लागतो. प्रोस्टेटसाठी पीएसएमएला, म्हणजे त्या कॅन्सरच्या पेशींवरच्या प्रथिनाला चिकटणारा, न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या) गाठींसाठी डोटाटेट. रेणू गाठ शोधतो, ल्युटेशियम तिथे फुटतं. आधी त्याच जातीच्या रेणूला गॅलियम-६८ जोडून पेट स्कॅन करतात. स्कॅनमध्ये गाठी उजळल्या तरच उपचाराला अर्थ. गाठी उजळल्याच नाहीत तर पैसे घालवू नका, असं डॉक्टर सांगतात ते त्यासाठी.

आता महाग का. निसर्गातल्या ल्युटेशियममध्ये कामाचा ल्युटेशियम-१७६ फक्त २.६ टक्के असतो. तो वाढवून घेतलेला, म्हणजे समृद्ध केलेला कच्चा माल लागतो आणि तो जगात फार थोड्या ठिकाणी बनतो. तो भट्टीत ठेवला की न्यूट्रॉन हावरटासारखा गिळतो, ही जमेची बाजू. पण तयार झालेलं १७७ आणि न बदललेलं १७६ रासायनिकदृष्ट्या एकच, त्यांना वेगळं करता येत नाही. शिवाय १६० दिवसांच्या अर्धायुष्याचं, म्हणजे तेवढ्या दिवसांनी निम्मं होणारं, ल्युटेशियम-१७७एम चिमूटभर बनतं, ते हॉस्पिटलच्या कचऱ्यात डोकेदुखी होतं. दुसरी वाट इटर्बियम-१७६ पासूनची. तिच्यात ही मिसळ नसते, पण इटर्बियम आणि ल्युटेशियम रसायनशास्त्रात सख्खे शेजारी, त्यांना सोडवणं कष्टाचं. यावर रेणूचा खर्च, निर्जंतुक जोडणी, प्रत्येक घाण्याची तपासणी. आणि हे सगळं ६.६५ दिवसांच्या अर्धायुष्यात बसवायचं.

साधारण २०० मिलिक्युरीचा एक डोस, असे चार-सहा, मध्ये सहा ते आठ आठवडे. डोटाटेटच्या वेळी शिरेतून अमिनो ॲसिडचं सलाइन तासन्‌तास चालतं. ते मूत्रपिंडांना वाचवण्यासाठी असतं. "एवढ्याशा इंजेक्शनला दिवसभर कशाला बसवलं" याचं उत्तर हेच. खर्चाचं म्हणाल तर तारीख घेण्याआधी हॉस्पिटलच्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. नंतर भेटलात तर तेही हात चोळत बसतात.

पेट स्कॅनचं इंजेक्शनही त्याच भट्टीतून येतं का?

नाही, ते सायक्लोट्रॉनमधून. यात न्यूट्रॉनऐवजी प्रोटॉन फिरवून वेग देतात आणि ऑक्सिजन-१८ असलेल्या पाण्यावर आदळवतात. त्यातून फ्लोरिन-१८ मिळतं आणि ते ग्लुकोजसारख्या रेणूला जोडलं की एफडीजी, म्हणजे पेटचं नेहमीचं इंजेक्शन. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसला. कोलकात्यात त्याहून मोठा सायक्लोन-३० आहे.

फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं. आता ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. गाडी दोन तास घोडबंदर रोडवर अडकली, तर पोचेपर्यंत निम्म्याहून कमी उरतं. म्हणून पेट सेंटरवाले पहाटेच्या खेपेसाठी जीव टाकतात आणि तुम्हाला "उपाशीपोटी साडेसातला या" म्हणतात. साडेनऊला आलात तर तुमचाच नाही, तुमच्या मागच्या तिघांचाही डोस उतरतो.

बोन स्कॅनचं काय? त्याची म्हणे जगभर टंचाई झाली होती.

झाली होती. बोन स्कॅनला टेक्नेशियम-९९एम लागतं, सहा तासांत निम्मं होणारं. ते कुणी पाठवत नाही, त्याची आई पाठवतात: मॉलिब्डेनम-९९, अर्धायुष्य ६६ तास. मॉलिब्डेनम भरलेला जनरेटर हॉस्पिटलात येतो, रोज सकाळी त्यातून सलाइन सोडून टेक्नेशियम उतरवून घेतात. आठवड्याने मॉलिब्डेनम सहाव्या हिश्श्याच्या आसपास उरतं, की जनरेटर बदला.

२००९ मध्ये कॅनडाची एनआरयू भट्टी जड पाण्याच्या गळतीमुळे बंद पडली, २०१० मध्ये त्यात नेदरलँड्सची पेटनची भट्टीही दुरुस्तीला गेली. दोन्ही पन्नास-साठच्या दशकांतल्या, आणि जगाचा बराच पुरवठा त्यांच्यावर. स्कॅनच्या तारखा जगभर कोलमडल्या. एनआरयूने २०१६ मध्ये मॉलिब्डेनम काढणं थांबवलं. आपल्याकडे ट्रॉम्बेला युरेनियमच्या विखंडनातून मॉलिब्डेनम काढण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने वैद्यकीय आयसोटोपसाठी सरकारी-खासगी भागीदारीत संशोधन अणुभट्टी उभारण्याचं जाहीर केलं. माझं मत विचाराल तर एवढ्या मोठ्या देशाने एका ध्रुववर इतका भार टाकणं बरं नव्हेच.

खारघरला प्रोटॉनचं मशीन आलंय ते हेच ना?

नाही. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरच्याच संकुलात, प्रोटॉन बाहेरून गाठीवर सोडतात. मशीन बंद, किरण बंद. पेशंटच्या अंगात काही भरून राहत नाही, लगेच नातवाला मांडीवर घेता येतं.

कोबाल्टचं मशीनही बाहेरूनच मारा करतं, पण त्यात खरा आयसोटोप असतो. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षं आणि ते विजेच्या अणुभट्ट्यांत तयार करतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये आत ठेवतात तो स्रोत बहुतेकदा इरिडियम-१९२, अर्धायुष्य ७४ दिवस, म्हणून तीन-चार महिन्यांनी बदलावा लागतो. असे जुने स्रोत पुरवठादाराकडे परत पाठवावेच लागतात, त्यांचा कागद ठेवावा लागतो. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात विद्यापीठाचं जुनं कोबाल्टचं उपकरण पोचलं आणि एक कामगार दगावला. तेव्हापासून भंगाराचं नाव काढलं की आमच्या कपाळावर आठ्या पडतात.

अणुभट्टीच्या कचऱ्यातून औषध बनतं, ही व्हॉट्सॲपवरची अफवा आहे का?

अफवा नाही. वापरलेल्या इंधनातून भाभा केंद्राने रुथेनियम-१०६ वेगळं करून डोळ्याच्या कॅन्सरसाठी पातळ चांदीच्या चकत्या बनवल्या आहेत. चकती गाठीच्या जागी डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला शिवतात, ठरलेल्या वेळाने काढतात, डोळा वाचण्याची शक्यता वाढते. स्ट्रॉन्शियम-९० पासून मिळणारं इट्रियम-९० यकृताच्या गाठींवर वापरता येतं. सीझियम-१३७ काचेत बांधून रक्तपेढीतल्या उपकरणांत जातं.

हे औषध रस्त्याने येतं. टेम्पोला सायन-पनवेल हायवेवर अपघात झाला तर?

बाटली शिशाच्या भांड्यात, भांडं डब्यात, डबा खोक्यात. खोक्याचा नमुना मान्य होण्याआधी तो उंचावरून आपटून, पाण्याचा फवारा मारून, वर वजन ठेवून तपासलेला असतो. बाहेर तीन पाकळ्यांचं चिन्ह आणि पांढरं किंवा पिवळं लेबल, त्यावर आतला आयसोटोप आणि पिवळ्यावर एक मीटरवरचा किरणांचा निर्देशांकही. नियम अणुऊर्जा नियामक मंडळाचे. ही संस्था १९८३ पासून आहे आणि कार्यालय अणुशक्तिनगरलाच. असं खोकं रस्त्यात पडलेलं दिसलं तर हात लावू नका, फोटो काढायला जवळ जाऊ नका, लांब उभं राहून पोलिसांना कळवा. बस.

आयोडीनच्या आधी खाणं बंद करतात. आम्ही आगरी माणसं, मासळीशिवाय कसं व्हायचं?

दोन आठवडे काढायचेत, कायमचं नाही. बोंबील, कोळंबी, सुकट, सगळी समुद्राची मासळी बंद, कारण तिच्यात आयोडीन भरपूर. आयोडीनयुक्त मीठ बंद, म्हणजे बाहेरचा वडापाव, फरसाण, लोणचं, पापडही आलंच. दूध, दही आणि अंडी किती ते आहारतज्ज्ञ सांगतील. खडेमीठ समुद्राचं आहे म्हणून चालेल, असं शेजारणीने सांगितलं तरी धरू नका. हॉस्पिटल सांगेल तेच मीठ आणा. पेशींना आयोडीनची भूक लागली पाहिजे, तरच त्या औषध ओढतील.

मासळीपेक्षा मोठी चूक वेगळीच होते: मधल्या काळात दुसऱ्याच कारणासाठी डाय टोचून सीटी स्कॅन काढला जातो. त्या डायमध्ये आयोडीन इतकं असतं की उपचार आठवडेच्या आठवडे पुढे ढकलावा लागतो. कुठेही सीटी सांगितला तर "माझं आयोडीन व्हायचंय" हे आधी बोला. थायरॉक्सिनची गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मनाने बंद करू नका.

वॉर्डात एकटं का ठेवतात? भेटायलाही देत नाहीत.

साधारण ३० मिलिक्युरीच्या वर डोस असला की दाखल व्हावं लागतं. घेतलेल्या आयोडीनचा मोठा भाग पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातो. त्या खोलीचं संडास महापालिकेच्या गटाराला थेट जोडलेलं नसतं. पाणी आधी साठवण टाकीत जातं, तिथे ते पुरेसं निवळेपर्यंत थांबतं. ऐंशी दिवसांत आयोडीन हजारावा हिस्सा उरतं. रोज कुणीतरी दारातून मीटर धरून एक मीटरवरचा आकडा घेतं, तो मर्यादेखाली आला की सुटी. भरपूर पाणी प्या, लिंबू-आवळ्याचं कधी चघळायचं ते सिस्टर सांगतील, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. सोबत आवडती शाल नेऊ नका, परत मिळायला वेळ लागेल.

घर वन बीएचके आहे आणि घरात सात महिन्यांचं बाळ. पेशंटला घरी आणायचं की नाही?

आणायचं, पण आधी बोलून. अंतर दुप्पट केलं की किरण पाव होतात, तिप्पट केलं की नववा हिस्सा. त्यामुळे वन बीएचकेतही पेशंट आतल्या खोलीत आणि बाकीचे हॉलमध्ये झोपले तर बरंच साधतं. लहान मूल आणि गरोदर बाई यांच्यासाठी मात्र दिवस जास्त मोजतात, म्हणून बाळाला आठवडाभर आजीकडे डोंबिवलीला पाठवता आलं तर उत्तम. आईच पेशंट असेल तर अंगावरचं दूध उपचाराच्या काही आठवडे आधीच थांबवावं लागतं, हे आयत्या वेळी कळणं फार जड जातं. मूल होऊ देण्याचा विचार निदान सहा महिने पुढे.

पेशंटने बसून लघवी करावी, दोनदा फ्लश करावा, टॉवेल वेगळा, कपडे पहिल्यांदा वेगळे धुवावेत. ताट-वाटी फेकून द्यायची नसते, साबणाने धुतली की झालं. सोसायटीच्या कमिटीला कळवायची गरज नाही. लिफ्टमध्ये दोन मिनिटं शेजारी उभं राहिल्याने कुणाला काही होत नाही.

केस जातात का?

आयोडीनने केमोसारखे जात नाहीत. थायरॉक्सिनची गोळी बंद असताना थायरॉइड उतरतो, त्याने थोडे गळतात, पुन्हा येतात.

मुलीला बी.एस्सी. नंतर यात यायचंय. रेडिएशनमध्ये मुलींनी काम करावं का?

जरूर. आमच्या क्षेत्रात मुली भरपूर आहेत. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये तंत्रज्ञांसाठी डीएमआरआयटी हा डिप्लोमा आहे, भाभा केंद्राचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा आहे, एम.एस्सी. न्यूक्लिअर मेडिसिनही आहे. छातीवर टीएलडी बॅज (अंगावर किती किरण पडले ते मोजणारा) लावावा लागतो, त्याचं वाचन ठरावीक काळाने येतं. गरोदरपणात काम बदलून मिळतं, तो नियमच आहे, उपकार नव्हे. भौतिकशास्त्र घासून करावं लागेल, एवढं आधी सांगा.

डोसनंतर महिन्याने दुबईला जायचंय. विमानतळावर काही वाजेल का?

वाजू शकतं. विमानतळांवरची किरणशोधक यंत्रं फार तिखट असतात, आयोडीन घेतलेला माणूस दोन-तीन महिन्यांनीही त्यांना सापडतो. त्याचा अर्थ तुम्ही शेजारच्या प्रवाशाला धोकादायक आहात असा नाही. डिस्चार्जच्या वेळी इंग्रजीत पत्र मागून घ्या: आयसोटोपचं नाव, दिलेली मात्रा, तारीख आणि हॉस्पिटलचा फोन. पत्र चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, पासपोर्टमध्येच ठेवा.